विमानांची नावे आणि एक बिननावाचे गाव

कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी, नौदलाचे एक जुने विमान आणून उभे केले आहे. जोयडा तालुक्यातील मंडळी जिल्हा कचेरीच्या कामासाठी अणशीचा घाट उतरून कारवारास जातात. बरोबर मुले असली की ते विमान दाखवल्यावाचून परत येणे कठीण. विमान आहेच तसे पाहण्यासारखे. चार एंजिने, आणि प्रत्येक एंजिनाला एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या पंख्यांची जोडी. १९८८ पासून २०१७ च्या मार्चपर्यंत अशी आठ विमाने आपल्या नौदलात होती. प्रारंभीची काही वर्षे ती शेजारी गोव्यात दाबोळीला असत, मग तामिळनाडूत अरक्कोणमला गेली. समुद्राखालच्या पाणबुड्या हुडकणे हे त्यांचे काम. अरक्कोणमहूनच हे एक विमान सुटे करून कारवारास आणले आणि पुन्हा जोडले.

या एका यंत्राला नावे मात्र तीन आहेत. ज्यांनी ते बांधले त्या सोव्हिएत रशियाने त्याला केवळ आकडा दिला, तुपोलेव-१४२. तुपोलेव हे आरेखकाचे आडनाव. ज्यांना त्याचे भय होते त्या पाश्चात्त्य राष्ट्रांच्या नाटो संघटनेने त्याला 'बेअर', म्हणजे अस्वल म्हटले. आणि आपल्या ज्या नौसैनिकांनी ते चालवले त्यांच्या पथकाचे नाव 'अल्बॅट्रॉस', भर समुद्रावर दिवसेंदिवस तरंगत राहणारा लांब पंखांचा पक्षी. बांधणाऱ्याला आकडा, भिणाऱ्याला अस्वल, चालवणाऱ्याला पाखरू. आपल्या भाषेत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचेच अंतर आहे, ते उगीच नव्हे! तेव्हा असे नाव यंत्राविषयी किती सांगते आणि नाव ठेवणाऱ्याविषयी किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ख्रिस्ती माणसाने तर तो विचारलाच पाहिजे, कारण नाव ठेवणे हे पवित्र शास्त्राप्रमाणे माणसाकडे सोपवलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी एक आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. ते प्राणी आदामाने घडवलेले नव्हते. जे आपण निर्माण केले नाही त्याला नीट पाहून, ओळखून हाक मारणे, असे ते काम होते. आमच्या रानपट्टीत या सावधपणाची खूण अजून राहिली आहे. रात्री सापाचे नाव घेत नाहीत, 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणतात. वाघाला वाघोबा म्हणतात, आणि सीमेपलीकडे गोव्यात वाघ्रो म्हणून त्याला देवही मानतात. त्याला देव मानणे आपणांस मान्य नाही, हे उघड आहे. पण नाव उच्चारताना जीभ जपून वापरावी, ही समज काही टाकाऊ नाही.

युद्धाची विमाने आणि त्यांची पथके यांची नावे याच रानातून उसनी घेतलेली असतात. दाबोळीच्या 'हंस' तळावर मिग-२९के विमानांची पथके उभी राहिली, त्यांपैकी एकाचे नाव 'ब्लॅक पँथर्स' आणि दुसऱ्याचे 'व्हाइट टायगर्स'. काळा बिबट्या म्हणजे तर दांडेली-अणशीच्या रानाची ओळखच. 'व्हाइट टायगर्स'कडे २०१६ पर्यंत 'सी हॅरियर' विमाने होती. हॅरियर म्हणजे माळावर आणि पाणथळीवर खालून खालून घिरट्या घालणारा भोवत्या ससाणा. धनेश पक्षीही आमच्याच रानातला आहे. त्याची मादी अंडी घालण्यासाठी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे एका फटीतून तिला फळे भरवतो. पण धनेशाचे नाव लढाऊ विमानाला कोण देणार? रानातून नावे उचलताना आपण दात, नखे आणि चोची तेवढ्या उचलतो, बाकीचे रान रानातच राहते.

ही नावे आपोआप पडतात असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ती कोणीतरी बसून ठरवतो. इंग्लंडात हवाई खात्याचे त्यासाठी नियम होते. बॉम्बफेकी विमानाला शहराचे नाव द्यावयाचे, म्हणून लँकेस्टर, हॅलिफॅक्स आणि पुढे कॅनबेरा. लढाऊ विमानाला वेग वा उग्रपणा दाखवणारे, म्हणून हरिकेन, टायफून, हंटर. 'स्पिटफायर' म्हणजे जिभेवर आग असलेली बाई. कारखान्याच्या प्रमुखाने आपल्या मुलीला लाडाने दिलेले ते नाव विमानाला लागले असे सांगतात, आणि ज्या मिचेलने ते विमान आखले त्याला ते नाव निव्वळ मूर्खपणाचे वाटले. एका ब्रिटिश विमानाचे नाव तर 'निम्रोद' होते. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील बलवान पारधी तो हाच, आणि विमानाचे काम होते पाणबुड्यांची शिकार. नाटोचा नियम असा की रशियन लढाऊ विमानाचे सांकेतिक नाव इंग्रजी 'एफ'ने सुरू व्हावे, बॉम्बफेक्याचे 'बी'ने. 'बेअर' त्यातूनच आले. अमेरिकेत बहुधा कारखानदार नाव सुचवतो आणि सैन्य मंजूर करते. तेथील भूदलाच्या हेलिकॉप्टरांना त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या जमातींची नावे देण्याची रीत पडली. अपाची आणि चिनूक ही हेलिकॉप्टरे २०१९ साली आपल्या वायुदलातही दाखल झाली. जेरोनिमो १८८६ साली शरण येईपर्यंत अमेरिकन सैन्य ज्या अपाची लोकांशी लढले, त्यांचेच नाव पुढे त्याने आपल्या शस्त्राला दिले. याला कोणी आदर म्हणतात. मला वाटते, जमिनीमागून नावही गेले.

आपल्या देशात आलेल्या विमानांची बारशी पुन्हा झाली. फ्रेंच 'उरागाँ' म्हणजे वादळ, ते येथे 'तूफानी' झाले. इंग्रजांचे 'नॅट' म्हणजे चिलट. १९६५ च्या युद्धात या चिलटाने नाव काढले, आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्याची सुधारलेली आवृत्ती बांधली तेव्हा ती 'अजित' झाली. बंगळूरलाच बांधलेले आणि १९६१ साली प्रथम उडालेले जेट 'मरुत'. मिराज-२००० हे 'वज्र', जग्वार 'शमशेर', मिग-२९ 'बाज'. जे हलके लढाऊ विमान बरीच वर्षे केवळ 'एलसीए' या आद्याक्षरांनी ओळखले जात होते त्याला ४ मे २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी 'तेजस' हे नाव दिले.

येथे आपल्या मंडळ्यांतील काही भाविक विचारतात, की मरुत, वज्र ही तर देवतांची व त्यांच्या आयुधांची नावे. ख्रिस्ती तरुणाने अशा विमानावर काम करावे काय? याचे उत्तर मला फारसे अवघड वाटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात पौल मेलिताहून निघतो तो जुळ्या देवांचे चिन्ह असलेल्या अलेक्सांद्रियाच्या तारवातून, आणि त्याने त्या चिन्हावर हरकत घेतल्याचे लूक लिहीत नाही. दानिएलाला बाबेलात जे नाव देण्यात आले ते तेथील दैवताशी जोडलेले होते. त्या नावाने हाक मारली तर तो ओ देई. प्रार्थना मात्र यरुशलेमेकडची खिडकी उघडूनच करी. परक्या दैवताचे नाव माणसाला बाटवते असे नाही. खरी अडचण आपल्याच पवित्र शब्दांची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने बी-३६ नावाचे प्रचंड बॉम्बफेकी विमान केले. ते १९४६ साली प्रथम उडाले. अणुबॉम्ब दूरच्या खंडापर्यंत वाहून नेणे हे त्याचे काम ठरले. त्याला 'पीसमेकर', म्हणजे शांती करणारा, असे नाव पुढे आले. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने ज्यांना धन्य म्हटले आणि देवाचे पुत्र म्हटले, त्यांचे हे नाव! तेथील काही धार्मिक गटांनी हरकत घेतली आणि ते नाव अधिकृत झाले नाही. लोकांच्या तोंडी मात्र तेच राहिले. पुढे १९८२ साली अध्यक्ष रेगन यांनी एका अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचे नाव 'पीसकीपर' ठेवले. त्याच साली एका अमेरिकन पाणबुडीच्या नावावरूनही वाद झाला. नाव होते 'कॉर्पस क्रिस्ती'. टेक्सासमधील एका शहराचे ते नाव खरे, पण त्याचा अर्थ ख्रिस्ताचे शरीर. ख्रिस्ती लोकांनी विरोध केला तेव्हा आरंभी 'सिटी ऑफ' हे शब्द जोडण्यात आले.

आजची गोष्टही वेगळी नाही. वैमानिकाविना उडणाऱ्या एका अमेरिकन शस्त्रवाहू विमानाचे नाव 'रीपर' आहे. रीपर म्हणजे कापणी करणारा. हाती कोयता घेतलेला मृत्यू असे त्याचे चित्र युरोपात काढतात. त्याच घराण्यातील पुढचे विमान ब्रिटिश वायुदलात 'प्रोटेक्टर', म्हणजे रक्षणकर्ता झाले, आणि आपल्या नौदलाने २०२० पासून अरक्कोणमला भाड्याने घेतलेली दोन विमाने 'सी गार्डियन', समुद्राचा राखणदार. २०२४ च्या ऑक्टोबरात अशा ३१ विमानांचा करार झाला. मला विचाराल तर या सगळ्यांत 'रीपर' हे नाव अधिक प्रामाणिक आहे. ते ऐकून निदान अंगावर काटा तरी येतो. आपल्या वायुदलाने १९४८ पासून वापरलेले 'व्हँपायर', म्हणजे रक्त शोषणारे पिशाच, हेही नाव ओंगळ होते, पण खोटे नव्हते. वाइटाला बरे म्हणणाऱ्यांना यशयाने जो हाय हाय म्हटला आहे, तो ओंगळ नावांना लागू पडत नाही. गोड नावांना लागू पडतो.

याहून पुढची पायरी १९४५ साली गाठली गेली. १६ जुलै रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. त्या चाचणीचे नाव ओपेनहायमर या शास्त्रज्ञाने ठेवले होते, 'ट्रिनिटी', म्हणजे त्रैक्य. जॉन डन या इंग्रज कवीच्या, जो पाळकही होता, कविता त्या वेळी आपल्या मनात होत्या, असे त्याने पुढे लिहिले. तीन आठवड्यांनी, ६ ऑगस्टला, हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे नाव होते 'एनोला गे'. हे वैमानिक पॉल टिबेट्स याच्या आईचे नाव. विमान उडण्यापूर्वी ते त्याच्या नाकाडावर रंगवून घेण्यात आले. आत जो बॉम्ब होता त्याचे नाव 'लिटल बॉय', म्हणजे लहानगा मुलगा. निघण्यापूर्वी टिनियन बेटावर लूथरन पाळक विल्यम डाउनी यांनी विमानातील लोकांसाठी प्रार्थना केली. टिबेट्सच्या मनात दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. आईने त्याला वैमानिक होण्यास धीर दिला होता, आणि संकटाच्या वेळी आईचे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही? पण आई आणि लहानगे मूल हे दोन शब्द त्या दिवशी कोठून कोठे नेले गेले, हे वाचताना मन थबकते. खाली हिरोशिमात आया आणि लहानगी मुलेच होती.

९ ऑगस्टला नागासाकीवर गेलेल्या विमानाचे नाव 'बॉक्सकार' होते. फ्रेडरिक बॉक या वैमानिकाच्या आडनावावर केलेला तो विनोद. बॉक्सकार म्हणजे मालगाडीचा बंद डबा. (आमच्या कॅसल रॉकला अशा डब्याला वाघीण म्हणतात. तो शब्दही कानाच्या गंमतीतूनच आला, पण त्याने कोणाचे घर जाळले नाही.) त्या दिवशी उराकामीचे मोठे रोमन कॅथलिक मंदिर आणि त्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ख्रिस्ती वस्ती भस्म झाली.

कोणी म्हणेल, नावांना इतके महत्त्व कशाला? सैनिकाला मरणाच्या तोंडी जावयाचे असते. त्याच्या यंत्राला चार धीराची अक्षरे लाभली तर बिघडले कोठे? या म्हणण्यात तथ्य आहे. नुसता आकडा नावापेक्षा शुद्ध असतो असेही नाही. आकड्याने तर काहीच मनात येत नाही. आणि नावावरून कृत्य ठरत नाही, याचा दाखला आमच्या शेजारीच आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी आजच्या जोयडा तालुक्यातील अनमोडच्या बाजूने आपली फौज गोव्यात उतरत होती. त्याच दिवशी बेळगावच्या सांबऱ्याहून सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर मारा केला आणि कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. हंटर म्हणजे शिकारी. पण एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाताखाली झालेल्या त्या कारवाईत धावपट्टी निकामी करावी, विमानतळाच्या इमारतींना हात लावू नये, अशी आज्ञा होती. नाव शिकाऱ्याचे, आणि हात आखडलेला. उलट, नाव आईचे, आणि एक शहर नाहीसे.

मग नावाचा दोष कोणता? जपानचे एक उदाहरण घेऊ. १९४४ साली जपानने स्फोटकांनी भरलेले एक लहान विमान केले. त्यात एक वैमानिक बसे, आणि शत्रूच्या जहाजावर आदळून विमानासह मरे. जपान्यांनी त्याला 'ओका', म्हणजे चेरीचे फूल म्हटले. अमेरिकनांनी त्याला 'बाका' म्हटले, जपानी भाषेत मूर्ख. एकाने फूल म्हटले, दुसऱ्याने मूर्ख म्हटले, आणि आत बसलेला विशीतला पोरगा दोघांच्याही दृष्टीआड झाला. दोष हाच. यंत्राला नाव मिळाले की नजर नावावर ठरते, आणि आत कोण आहे, खाली कोण आहे, हे विचारायचे राहून जाते. खालच्यांना तर युद्धाच्या भाषेत एकच शब्द असतो, लक्ष्य.

शुभवर्तमानात याविषयी एक गोष्ट आहे. शब्बाथ शाळेत ती सहसा शिकवली जात नाही, आणि मोठ्या मुलांच्या वर्गाला ती अवश्य सांगावी. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू जब्दीचे मुलगे याकोब व योहान यांना एक नाव देतो, बोआनेर्गेस, म्हणजे गर्जनेचे पुत्र. आजच्या विमानांनाही शोभेल असे नाव. अमेरिकेत 'थंडरबोल्ट' झाले, आपल्याकडे 'वज्र'. पुढे लूकाच्या नवव्या अध्यायात हे दोघे प्रभूबरोबर यरुशलेमेच्या वाटेवर असतात. वाटेत एका शोमरोनी गावाने त्यांना उतरू दिले नाही. तेव्हा गर्जनेचे पुत्र विचारतात, प्रभूजी, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आम्ही आज्ञा करावी काय? आकाशातून अग्नी! ते सामर्थ्य तेव्हा माणसाच्या हाती नव्हते, इच्छा मात्र होती. प्रभूने वळून त्यांना धमकावले, आणि ते दुसऱ्या गावी गेले.

मुलांना विचारावे, त्या गावाचे नाव काय होते? वर्गातले एखादे हुशार मूल पवित्र शास्त्र उघडून शोधील, पण ते सापडणार नाही. ज्यांनी आग मागितली त्यांची नावे आहेत, बापाचे नाव आहे, टोपणनावसुद्धा आहे. ज्याच्यावर आग मागितली त्या गावाला नाव नाही. नकाशावर बोट ठेवून असे गाव जाळणे सोपे असते. त्या गावात विहीर होती, जाते होते, आजारी माणसे होती, हे प्रभूला दिसत होते, आणि याकोब-योहानांना त्या घटकेला दिसत नव्हते.

हिरोशिमाच्या शांती उद्यानात एका दगडी कमानीखाली पेटी आहे. तीत मृतांच्या नावांच्या वह्या ठेवल्या आहेत. दर वर्षी ६ ऑगस्टला, मागील वर्षात मरण पावलेल्या त्या बॉम्बच्या पीडितांची नावे तीत वाढवली जातात. विमानाचे नाव रंगवायला एक रंगारी आणि थोडासा वेळ पुरला होता. ही नावे लिहिणे अजून चालूच आहे.

आणि गर्जनेच्या पुत्रांचे पुढे काय झाले? याकोब हेरोदाच्या तरवारीने मारला गेला. योहानाविषयी प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात असे आहे की शोमरोनाने देवाचे वचन स्वीकारल्याचे ऐकून प्रेषितांनी पेत्र व योहान यांना तिकडे पाठवले. ज्यांच्यावर त्याने आग मागितली होती, त्याच लोकांसाठी योहानाने प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले, आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. परत जाताना ते दोघे शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांतून सुवार्ता सांगत गेले. त्या गावांचीही नावे लूकने लिहिलेली नाहीत, पण या वेळी योहान त्यांच्या गल्ल्यांतून पायी चालला होता.